किलोमीटर मोजू नका, सह्या मोजा

सुरगाण्याला रेल्वे नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे "तुझा काय संबंध?" असं कुणी विचारायला नको. तालुक्याच्या एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला घाट. गाडी पकडायची तर आधी एसटीने नाशिकरोड गाठायचं. पलीकडे डांगात वघईला बिलिमोऱ्याहून येणारी नॅरोगेज आहे, गायकवाडी राजवटीतली, १९१३ सालची. तिच्यासाठी सिग्नलच्या गप्पा मारण्यात फारसा अर्थ नाही. तर मंडळी, रेल्वे नसलेल्या तालुक्यातला एक सॉफ्टवेअरवाला रेल्वेच्या सिग्नलवर लिहितोय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

संबंध असा की रेल्वे आमच्याकडे येत नसली तरी आमची माणसं रेल्वेत बसतात. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडला जाणारे जीपने जातात, पण त्याहून लांब निघालेले जनरल डब्यातच असतात. अपघात झाला की जनरल डब्यातल्या माणसाचं नावही आरक्षण यादीत सापडत नाही. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनात (सगळे 'बालासोरचा अपघात' म्हणतात तो) जवळपास तीनशे माणसं गेली. त्यात मजुरीला निघालेली माणसं बरीच होती. कित्येक मृतदेहांची ओळख पटवायला दिवसच्या दिवस लागले.

त्या अपघातानंतर आमच्या क्षेत्रातल्या यच्चयावत लोकांनी एकच प्रश्न विचारला. "तिथे कवच का नव्हतं?" टीव्हीवर तेच, व्हॉट्सॅपवर तेच, ऑफिसच्या कँटीनमध्ये तेच. आजही कुठे गाडी घसरली की पहिला प्रश्न कवचाचा, आणि सरकारचं पहिलं उत्तरही कवचाचंच. इतके किलोमीटर झाले, इतके बाकी आहेत, इतक्यांचं टेंडर निघालंय. प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे, दोघंही किलोमीटरच मोजतायत. माझं म्हणणं आहे की दोघंही चुकीची गोष्ट मोजतायत, आणि या मोजण्यापायी खरं दुखणं बाजूलाच पडतंय.

आधी कवच म्हणजे काय ते थोडक्यात. ड्रायव्हरने (हल्ली लोको पायलट म्हणायचं) लाल सिग्नल ओलांडला किंवा ठरलेल्या वेगापेक्षा गाडी जोरात हाणली, तर आपोआप ब्रेक लावणारी ही यंत्रणा. रुळांमधल्या स्लीपरवर आरएफआयडी टॅग बसवतात, स्टेशनात एक कवच, इंजिनात एक कवच, मध्ये रेडिओचे टॉवर आणि ऑप्टिकल फायबर. लखनौच्या आरडीएसओने २०१२ पासून यावर काम केलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रवासी गाड्यांवर चाचण्या सुरू झाल्या, जुलै २०२० मध्ये ती राष्ट्रीय प्रणाली ठरली. ४ मार्च २०२२ ला रेल्वेमंत्री स्वतः इंजिनात बसले आणि समोरच्या इंजिनाच्या ३८० मीटर आधी त्यांचं इंजिन आपोआप थांबलं. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. रेल्वेनेच दिलेल्या आकड्यांनुसार रुळाकडचा खर्च किलोमीटरला सुमारे ५० लाख आणि एका इंजिनाचा सुमारे ८० लाख. पहिले १,४६५ किलोमीटर दक्षिण मध्य रेल्वेवर झाले. त्यातला मोठा तुकडा आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मनमाडपासून निघून मुदखेडमार्गे पार आंध्रातल्या गुंटकलपर्यंत जातो. म्हणजे हे काही दूरदेशीचं प्रकरण नाही, आपल्या जिल्ह्यातून सुरू होतं.

यंत्रणा उत्तम आहे. देशी आहे, आणि तिच्या मागे जे इंजिनिअर आहेत त्यांना माझा सलाम. माझं भांडण कवचाशी नाहीच. भांडण आहे ते "कवच बसवलं की झालं" या समजुतीशी.

का, ते बहानगा बाजारनेच दाखवून दिलंय.

तिथे कोरोमंडल एक्सप्रेसच्या ड्रायव्हरने लाल सिग्नल तोडला नव्हता. त्याला हिरवा होता. सरळ मेन लाईनने जा, असं सिग्नल सांगत होता. पण प्रत्यक्षात सांधा लूप लाईनकडे लागलेला होता आणि लूपवर लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी. गाडी ताशी १२८ किलोमीटरच्या वेगाने आत शिरली. उडालेले डबे शेजारच्या रुळावर पडले, आणि तिथून यशवंतपूर-हावडा एक्सप्रेस जात होती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आता विचार करा. कवचाला कसं कळतं की पुढे रस्ता मोकळा आहे? ते स्टेशनच्या इंटरलॉकिंगला विचारतं. इंटरलॉकिंग म्हणजे सांधा आणि सिग्नल यांची गाठ. सांधा ज्या बाजूला असेल त्याच बाजूचा सिग्नल मिळेल, भलता मिळणारच नाही, अशी व्यवस्था. इंग्लंडात जॉन सॅक्सबीने १८५६ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे कल्पना काही नवी नाही. बहानग्यात हे इंटरलॉकिंगच खोटं बोललं. सांधा लूपकडे असताना 'सांधा सरळ आहे' असं सांगत राहिलं. तिथे कवच असतं तर त्यानेही तेच ऐकलं असतं आणि ड्रायव्हरला म्हटलं असतं, जा बाबा, हिरवा आहे.

मग इंटरलॉकिंग खोटं का बोललं? व्हायरस? घातपात? तेव्हा दोन्ही अफवा जोरात होत्या. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं ते फार साधं होतं, आणि म्हणूनच जास्त भयंकर. स्टेशनच्या उत्तर बाजूच्या सिग्नल गुमटीत पूर्वी कधीतरी वायरिंगमध्ये बदल केलेले होते. ते नीट केलेले नव्हते. वायरींवरची नावं आणि प्रत्यक्ष वायरी यांचा मेळ नव्हता. अपघाताच्या दिवशी जवळच्या ९४ नंबरच्या फाटकाचा इलेक्ट्रिक बॅरियर बदलण्याचं काम चालू होतं. त्या कामातली जोडणी या जुन्या गोंधळावर बसली, आणि चुकीच्या वायरीतून 'सगळं ठीक' असा निरोप गेला.

म्हणजे बघा, सुरक्षेची यंत्रणा नव्हती म्हणून हा अपघात झाला नाही. यंत्रणा होती. तिच्यावर चाललेल्या *कामातून* तो झाला.

आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन सर्व्हरवर थेट बदल केला, डॉक्युमेंटेशन जुनं होतं, टेस्टिंग झालं नाही, आणि सिस्टीम 'अप' दिसतेय म्हणून सगळे घरी गेले.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेणं गरजेचं आहे, कंटाळू नका. सिग्नलिंग हे 'फेल-सेफ' शास्त्र आहे. रुळांतून बारीक करंट सोडलेला असतो. त्याला ट्रॅक सर्किट म्हणतात. गाडी आली की चाकांमुळे तो करंट शॉर्ट होतो, रिले पडतो, सिग्नल लाल. गंमत अशी की वायर तुटली, बॅटरी गेली, रूळ फुटला, तरीही रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. बिघाड झाला तर गाडी थांबेल, पण धडकणार नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी केवढा विचार केलाय बघा! आमची ॲपं बिघडली की काय वाट्टेल ते दाखवतात.

पण या शास्त्राला एकच गोष्ट झेपत नाही. *चुकीच्या जागी जोडलेली चांगली वायर*. तुटलेली वायर गप्प बसते आणि सिग्नल लाल होतो. चुकीची जोडलेली वायर आत्मविश्वासाने खोटं बोलते. आणि चुकीची जोडणी निसर्ग करत नाही, ती माणूसच करतो, काम चालू असताना. म्हणजे सिग्नलिंगमधला सगळ्यात धोक्याचा काळ कुठला? यंत्रणा जुनी झाली तो नव्हे. नवी बसवली जाते तो!

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १२ डिसेंबर १९८८ ला लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ सकाळच्या गर्दीच्या वेळी एक गाडी दुसरीवर मागून आदळली, ३५ माणसं मेली. तिथे चाललं काय होतं? सिग्नल यंत्रणेचं आधुनिकीकरण! जुनी वायरिंग काढून नवी घालत होते. २७ नोव्हेंबरच्या रविवारी एका तंत्रज्ञाने जुनी वायर एका टोकाला सोडवली, पण कापली नाही, टोकाला नीट टेपही लावला नाही, नुसती बाजूला सारली. दुसरं टोक तसंच जोडलेलं. दोन आठवड्यांनी, ११ डिसेंबरच्या रविवारी शेजारचा रिले बदलताना ती वायर हलली आणि परत आपल्या जुन्या जागेला चिकटली. दुसऱ्या दिवशी पुढे गाडी उभी असताना सिग्नल लाल झालाच नाही.

अँथनी हिडन यांच्या चौकशी अहवालात (१९८९) या तंत्रज्ञाला झोडपून मोकळे झाले असतील असं वाटेल. तसं झालं नाही. त्या माणसाने आधीच्या तेरा आठवड्यांत फक्त एक दिवस सुट्टी घेतली होती, हे त्यांनी काढलं. त्याचं काम दुसऱ्या कुणी वायर मोजून तपासायला हवं होतं, ते कुणी तपासलं नाही, हे काढलं. इतकी वर्षं तो असंच काम करत आला आणि त्याला कधी कुणी टोकलं नाही, हेही काढलं. त्यानंतर ब्रिटनमध्ये सुरक्षेशी संबंधित कामाच्या तासांवर मर्यादा आल्या, आणि टेस्टिंगची शिस्त कडक झाली.

आपल्याकडे काय झालं? बहानग्यानंतर जुलै २०२३ मध्ये सीबीआयने तीन जणांना अटक केली. तिघंही प्रत्यक्ष जागेवरचे, सिग्नलचे इंजिनिअर आणि तंत्रज्ञ. त्यांचा दोष किती ते कोर्ट ठरवेल, मी ठरवणारा कोण. पण एक गोष्ट सांगतो. एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे अपघाताच्या दोन महिने *आधी*, रेल्वे बोर्डानेच सगळ्या झोनना पत्र पाठवलं होतं. कामानंतर पुरेशी चाचणी न करता सिग्नल यंत्रणा परत जोडली जातेय, वायरिंग चुकतेय, शॉर्टकट मारले जातायत, असे प्रकार घडलेत, सावध राहा. त्याआधी फेब्रुवारीत कर्नाटकात होसदुर्ग रोड स्टेशनात संपर्क क्रांती एक्सप्रेस भलत्याच लाईनवर गेली होती, समोर मालगाडी होती. ड्रायव्हर जागा होता म्हणून वाचली. आणि मे २०२२ मध्ये त्याच खरगपूर डिव्हिजनमधल्या बांकरानयाबाज स्टेशनात चुकीच्या वायरिंगने असाच प्रकार झाला होता.

म्हणजे वर माहीत होतं, पत्र निघालं होतं, आणि तरीही झालं. मग प्रश्न तीन माणसांचा उरतो का?

आमच्या आयटीत (जिथे चुकलं तर फार फार तर कुणाचं बिल दोनदा कापलं जातं) नियम असा आहे की ज्याने कोड लिहिला त्यालाच तो मंजूर करता येत नाही. दुसऱ्याची सही लागते. शुक्रवारी संध्याकाळी काही चढवायचं नाही. काय बदललं, कुणी बदललं, कधी बदललं, याची नोंद आपोआप राहते. आम्ही फार सज्जन आहोत म्हणून असं चालतं असं नाही, नोंदीशिवाय कामच पुढे सरकत नाही म्हणून चालतं. बिल भरायच्या ॲपला जी शिस्त आहे ती तीनशे माणसांच्या जिवाला का नसावी?

आता कुणी रेल्वेवाले रागावतील. म्हणतील, शहाण्या, आमच्याकडे तुझ्या जन्माआधीपासून डिस्कनेक्शन-रिकनेक्शन मेमो आहे. खरं आहे, आहे! टी/३५१ नावाचा फॉर्म आहे. सिग्नलचा माणूस स्टेशन मास्तरला लिहून देतो की अमुक सांधा, अमुक सिग्नल मी कामासाठी तोडतोय. मास्तर सही करतो, तोवर गाड्या हाताने, सांध्याला क्लॅम्प-कुलूप लावून सोडायच्या. काम झालं, चाचणी झाली, की परत जोडल्याची सही. व्यवस्था शंभर नंबरी आहे. आमच्या पुल रिक्वेस्टचा आजोबाच म्हणा.

दुखणं सहीच्या *आधीच्या* मिनिटांत आहे. सिग्नलवाल्याला कामाला वेळ हवा असतो, आणि वेळ असतो ऑपरेटिंगवाल्यांच्या हातात. त्यांना गाड्या वेळेवर काढायच्या असतात. सांधा तोडलेला असेपर्यंत गाड्या रखडतात, कंट्रोलवरून फोनवर फोन येतात, "किती वेळ अजून?" जो माणूस नीट तपासतो, एकेक वायर मोजतो, त्याच्या नावावर लेट झालेल्या गाड्या लागतात. जो पटकन सही देतो त्याच्या नावावर काहीच लागत नाही. शंभरातल्या नव्याण्णव वेळा दोघांचा निकाल सारखाच असतो, गाडी जाते. मग माणूस हळूहळू काय शिकेल? जे सगळीकडची माणसं शिकतात तेच.

आणि आता या सगळ्यावर किलोमीटरचं टार्गेट चढवा.

सुरगाण्याच्या माणसाला हा प्रकार नवा नाही, म्हणून मला लगेच ओळखू येतो. आमच्याकडे पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंडे. पाड्यावर नळ येतो. पाइप टाकला जातो, तोटी बसते, फोटो निघतो, कागदावर घर 'पूर्ण' होतं. एप्रिलमध्ये तोटी फिरवली की फुस्स. बाया परत दरीत उतरतात. काम करणाऱ्याने फसवलं असंच नसतं दरवेळी. त्याला तोट्या मोजून पैसे मिळणार होते, त्याने तोट्या बसवल्या. पाणी कुणी मोजलंच नव्हतं! जे मोजाल तेच मिळेल, हा जगाचा नियम आहे. किलोमीटर मोजाल तर किलोमीटर मिळतील.

सिग्नलच्या बाबतीत तर फरक आणखी वाईट. कोरडा नळ निदान खोटं बोलत नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे एकतर्फी नको. अपघात कमी झालेत का? झालेत. रेल्वेच्या आकड्यांनुसार मोठे अपघात २०१४-१५ मध्ये १३५ होते, २०२४-२५ मध्ये ३१. ही कमाई खरी आहे आणि ती नाकारणारा माणूस प्रामाणिक नाही. पण याच मोजणीत २०२३-२४ सालचे अपघात ४०, आणि त्यातल्या एकट्या बहानग्यात जवळपास तीनशे माणसं. संख्या कमी होत असताना एक चुकीची वायर एवढा घास घेऊ शकते. त्यामुळे '१३५ वरून ३१' हे उत्तर बरोबर असलं तरी ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

दुसरा आक्षेप असा की एवढ्या तपासण्या करत बसलो तर कवच पूर्ण व्हायला पन्नास वर्षं लागतील, तोवर लाल सिग्नल तोडून मरणाऱ्यांचं काय? हा आक्षेप मात्र गंभीर आहे. १७ जून २०२४ ला बंगालमध्ये रंगापानीजवळ कांचनजंगा एक्सप्रेसवर मालगाडी मागून आदळली, दहा माणसं गेली, आणि त्या चौकशीत कवच प्राधान्याने बसवा असं स्पष्ट सांगितलंय. मान्य. पण तोच अहवाल आणखी काय म्हणतो? सकाळपासून ऑटोमॅटिक सिग्नल बंद पडले होते, ड्रायव्हरांना लाल सिग्नल ओलांडायचे कागद दिले गेले, ते कागद बरोबर नव्हते, वेग किती ठेवायचा ते त्यावर नव्हतं, आणि अशा वेळी काय करायचं याचं प्रशिक्षण पुरेसं नव्हतं. म्हणजे इथेही यंत्र बंद पडल्यावर माणसांनी काय करायचं, याची व्यवस्था ढिली. कवच हवंच. ते घाईने बसवून त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, एवढंच म्हणतोय.

घाईची आणि देखाव्याची यंत्रणा पुढे टिकत नाही, हेही आपण एकदा पाहिलंय. १९९९ च्या गैसाल अपघातानंतर आपल्या कोकण रेल्वेने राजाराम बोज्जी यांच्या पुढाकाराने टक्करविरोधी यंत्र, एसीडी, तयार केलं. नाव 'रक्षा कवच'च होतं! केवढं कौतुक झालं होतं त्याचं. ईशान्य सीमा रेल्वेवर ते मोठ्या प्रमाणावर बसवलंही. पण जीपीएसवर चालणाऱ्या त्या यंत्राला शेजारशेजारचे रूळ नीट ओळखू येईनात, नको तिथे ब्रेक लागू लागले, आणि देशभर पसरायचं स्वप्न तिथेच थांबलं. उलट मुंबईच्या लोकलला १९८० च्या दशकापासून ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टीम आहे. लाल सिग्नल ओलांडला की ब्रेक. रोज लाखो माणसं त्या भरवशावर जातात आणि तिचं नावही कुणाला माहीत नाही. ती टिकली कारण तिच्या देखभालीची सवय लागलीय.

आणि या सवयीचं नाव आहे मेगाब्लॉक. मुंबईकरांनो, रागावू नका, पण रेल्वे करते त्यातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक. "आम्हाला काम करायचंय, त्याला इतके तास लागतील, तोवर गाड्या नाहीत," असं तोंडावर सांगणं. २०२४ च्या जून उजाडताना ठाण्यात ६३ तासांचा ब्लॉक घेतला तेव्हा केवढा शिमगा केला आपण. पण वेळ मागून, गाड्या रद्द करून केलेलं काम हे दोन गाड्यांच्या मधल्या वीस मिनिटांत उरकलेल्या कामापेक्षा हजारपट बरं. "नॉन-इंटरलॉकिंगच्या कामामुळे गाड्या रद्द" ही बातमी वाचून जो शिव्या घालतो, तोच अपघातानंतर "सुरक्षेचं काय?" म्हणून ओरडतो. दोन्ही एकदम मिळणार नाही हो.

आता हे मी आजच का लिहितोय? कारण येत्या काळात नाशिक जिल्ह्यातल्या रेल्वेची पोटं वारंवार उघडली जाणार आहेत. मनमाड-जळगावच्या चौथ्या लाईनला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, १६० किलोमीटर. तिसऱ्या लाईनचं काम त्याआधीचंच. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकरोड, देवळाली, ओढा, खेरवाडी या स्टेशनांवर कामं काढलीयत. प्रत्येक नवी लाईन म्हणजे प्रत्येक यार्डात नवे सांधे, आणि प्रत्येक नवा सांधा म्हणजे चालू इंटरलॉकिंगमध्ये बदल. आणि कुंभाची तारीख काही पुढे ढकलता येत नाही! ग्रह कुणाचं ऐकत नाहीत. म्हणजे न हलणारी डेडलाईन, चालू सिस्टीम, आणि वर गर्दीचा दबाव. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पोटात गोळा येतो.

म्हणून आपल्या खासदारांना, आमदारांना, पत्रकारांना "किती किलोमीटर झालं?" हे विचारणं बंद करू या. त्याऐवजी हे विचारू या:

एक. सिग्नलच्या कामासाठी किती तासांचे ब्लॉक मागितले आणि किती दिले? नाकारलेल्या ब्लॉकचा आकडा जाहीर करा.

दोन. ज्याने जोडलं त्याच्याखेरीज दुसऱ्या टीमने तपासलं का? बहानग्याच्या अहवालातही वेगळी तपासणी टीम असावी, अशी शिफारस आहे. प्रत्येक रिकनेक्शनच्या खाली त्या दुसऱ्या टीमची सही आहे का?

तीन. गुमटीतला नकाशा आणि गुमटीतली वायरिंग जुळते का? शेवटचं कधी जुळवून पाहिलं, तारीख सांगा. नवीन काम सुरू करण्याआधी हे झालंच पाहिजे.

चार. रात्री दोन वाजता सांध्यापाशी वाकलेला माणूस किती तास सलग ड्युटीवर आहे? आठवड्यात किती सुट्ट्या मिळाल्या त्याला?

पाच. थोडक्यात वाचलेल्या घटना. विमानवाले यांची नोंद ठेवतात आणि सांगणाऱ्याला शिक्षा करत नाहीत. होसदुर्गसारखी घटना सांगणाऱ्याला बक्षीस मिळतं की मेमो?

आणि सगळ्यात वरचा सहावा. तपासणारा स्वतंत्र कधी होणार? २०११ मध्ये सरकारने आपल्या अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखाली रेल्वे सुरक्षेसाठी उच्चस्तरीय समिती नेमली, श्रीधरनही तिच्यात होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल आला. त्यात १९,००० किलोमीटरच्या मुख्य मार्गांवर आधुनिक सिग्नल यंत्रणा पाच वर्षांत बसवा, अंदाजे २०,००० कोटी लागतील, अशी शिफारस होती. त्याच अहवालात आणखी एक शिफारस होती, रेल्वे बोर्डापासून स्वतंत्र असं वैधानिक सुरक्षा प्राधिकरण नेमा. कारण नियम करणारं, गाड्या चालवणारं आणि स्वतःलाच तपासणारं एकच बोर्ड असणं बरोबर नाही. पहिली शिफारस कासवाच्या गतीने का होईना, कवचाच्या रूपात चाललीय, कारण तिच्यात यंत्र आहे, टेंडर आहे, फीत कापायची सोय आहे. दुसरी तशीच पडून आहे. सुरक्षा आयुक्त आहेत, नागरी विमान मंत्रालयाखाली आहेत, चौकशी उत्तम करतात. पण ते शिफारस करतात, आणि ऐकायचं की नाही हे ज्याला शिफारस केली तोच ठरवतो.

माझ्या मते सुरक्षेचा पैसा कमी पडत नाहीये, तंत्रज्ञानही कमी पडत नाहीये. कमी पडतोय तो 'थांब, मला अजून तपासायचंय' असं म्हणणाऱ्या माणसाच्या पाठीशी उभा राहणारा कुणीतरी. तो कायद्याने उभा करावा लागेल. कंत्राटाने तो मिळत नाही.

पुढच्या वेळी नाशिकरोडला गाडी दीड तास लेट असेल, आणि घोषणा होईल की सिग्नलच्या कामामुळे उशीर होत आहे, तेव्हा कृपा करून मोबाइल काढून रेल्वेची आई-बहीण काढू नका. ट्वीट करायचंच असेल तर असं करा: "हरकत नाही, नीट तपासून जोडा, आणि दुसऱ्याची सही घ्या."

असो. लेख लांबला. पटलं नसेल तर जरूर भांडा, पण किलोमीटरचे आकडे घेऊन येऊ नका.